शनिवारी पाऊस, काही ठिकाणी

नाही, पण मला एक सांगा, ढग काय मी घरी पाळलेत? सकाळी फिरवून आणायचे, दुपारी बांधून ठेवायचे, आणि पाहुणे आले की "बाहेर येऊ नका रे" म्हणून दटावायचे? हसताय? हसा! तुमची मेहुणी नाही ना लग्न करत, तेही उघड्या बागेत, तेही थंडी नुकती सरत असताना, जेव्हा सकाळी स्वेटर, दुपारी घाम, संध्याकाळी पुन्हा स्वेटर, आणि मध्येच वारा असा फिरतो की त्याचं त्यालाच कळत नाही आपण निघालो होतो कुठे!

तुम्हाला सांगतो, मी हवामान कार्यालयात आहे. विभागीय. दर सोमवारी आपल्या भागाचा आठवड्याचा अंदाज लिहायचा आणि रेडिओवर वाचायचा. लिहितो आम्ही सगळे मिळून, वाचतो मी एकटा, कारण काय तर म्हणे आवाज बरा आहे. तिथंच घात झाला! चूक सगळ्यांची, पण शिव्या आवाजाला. परवाचंच घ्या, लाँड्रीवाला भर रस्त्यात ओली चादर माझ्यासमोर धरून उभा, "कोरडं म्हणालात ना? घ्या, पिळा!" आता कसं सांगू? अहो, अंदाज आहे हो, वचन नाही!

तर लग्न शनिवारी चारला, सासऱ्यांच्या बागेत, आणि त्या आठवड्याच्या सोमवारी नकाशा समोर आला. मंगळवार छान, बुधवार त्याहून छान, गुरुवारी वारा फिरणार, शुक्रवारी थोडे ढग... आणि शनिवारी दुपारनंतर पाऊस. आणि ढगांचा तो पट्टा कसा सरळ येत होता म्हणता, जसा काही सासरेबुवांच्या घराचा पत्ता विचारूनच निघालाय! मी लिहिलं, 'शनिवारी पाऊस पडेल.' साहेबांनी खोडलं. म्हणाले, "'पडेल' नको. 'काही ठिकाणी हलक्या सरींची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहा."

"साहेब, पण शक्यता आहे ना?"

"नाकारता येत नाही."

"म्हणजे आहे?"

"मी 'आहे' म्हटलं का?"

घ्या! ह्या माणसाला बायकोने विचारलं, भाजीत मीठ पडलंय का, तर काय सांगत असेल हो?

वाचला अंदाज, घरी आलो, तर आमची ही दारातच. "अहो, माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात पाऊस पाडलात?"

"अगं, पाडला नाही, वाचला."

"मग वाचायचा नाही! शुक्रवार झाला की खोकायचं, पाणी प्यायचं आणि रविवारवर जायचं!"

अंदाज आहे गं, वचन नाही... हे मी म्हणेपर्यंत फोन वाजला. सासरे! आता सासरे म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. उभा जन्म गाड्या वेळेवर सोडल्या, आणि एक मुलगी तेवढी हवामानवाल्याला दिली, ही त्यांच्या मते आयुष्यातली एकमेव गाडी, जी चुकीच्या रुळावर गेली.

"जावईबापू, कितीला?"

"काय कितीला?"

"पाऊस. कितीला येणार?"

"तसं नाही सांगता येत बाबा. दुपारनंतर कधीतरी."

"दुपारनंतर रात्रही येते. फलाटावरच्या माणसाला मी 'गाडीची शक्यता नाकारता येत नाही' असं सांगितलं असतं, तर त्याने मला जिवंत सोडलं असतं?"

आणि मी, तुम्हाला सांगतो, माणसाने चिडून कधी बोलू नये, मी चिडून बोलून गेलो, "तीनला!"

पलीकडे मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. बसले असणार लिहून घ्यायला!

म्हटलं, मांडव घालू. केला मांडववाल्याला फोन. तो म्हणतो, "कुठला मांडव? रेडिओवर तो एक बावळट शनिवारी पाऊस म्हणाला, तेव्हापासून फोन खाली ठेवलेला नाही. सगळे मांडव गेले. ताडपत्रीचा तुकडा नाही शिल्लक." मी म्हटलं, अरेरे. तर म्हणतो, "तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय..." मी फोन ठेवला!

दुसऱ्या दिवशी नवरी स्वतः कार्यालयात हजर. माझी मेहुणी, आम्ही तिला धाकटी म्हणतो. पोहायला शिकवते. केस ओले, खांद्यावर टॉवेल, साहेबांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "भाऊजी, रेडिओवरचं नको. घरचं सांगा. पडणार?"

"पडणार."

"मला भिजायचं काही नाही हो. मी निम्मा दिवस पाण्यातच असते. पण बागेतली ती झाडं आईने लावलेली आहेत. आई गेल्यावर यंदा पहिल्यांदा अशी फुललीत. बाबा रोज सकाळी एकेका झाडापाशी उभे राहतात, तोंडाने म्हणत नाहीत, पण त्यांना लग्न तिथंच हवंय. हॉलमध्ये घेतलं तर ते हो म्हणतील, आणि मग जेवणार नाहीत."

आता बोला! इतकी वर्षं मी ढग बघतो, पण कुणी मला असा पाऊस विचारला नव्हता. मी नकाशे काढले, पुन्हा काढले, वाऱ्याचे आकडे बघितले, साहेबांना नको ते प्रश्न विचारले, आणि म्हटलं, "चारचं लग्न अकराला घे. सकाळ कोरडी जाईल."

"नक्की?"

"अंदाज आहे गं, वचन नाही."

"वचन कुठं मागतेय? ते शनिवारी दुसऱ्याकडून घेणार आहे."

झालं! फोन, फोन, फोन. केस करणारी म्हणते, मी अकराला उठते. आमच्या चुलत मावशी म्हणतात, एवढ्या सकाळी मला हसता येत नाही, फोटो वाईट येतील. नवऱ्याची आई म्हणाली, "कुणी सांगितलं हे?" आणि आमच्या हिने, माझ्या अर्धांगिनीने, स्पष्ट नाव घेतलं! माझं!

शनिवार उजाडला. काय ऊन हो! अकराला लग्न लागलं, फांद्या फुलांनी लगडलेल्या, वारा आला की पाकळ्या नवरीच्या केसांत, आणि सासरेबुवा कोपऱ्यातल्या झाडाला टेकून उभे, रुमाल डोळ्यांना. मला बघून म्हणाले, "परागकण फार आहेत हवेत." मी म्हटलं, हो, आमच्या अंदाजात होते. नव्हते!

जेवणं झाली. आणि मग तीन वाजले.

सासरेबुवा घड्याळ घेऊन फाटकाशी. आभाळ बघितलं. घासून पुसून ठेवलेलं ताट! साडेतीन झाले. ढग नाही. चार वाजले, आणि चारला असं काही सोनेरी ऊन पडलं बागेत, की नवऱ्याची आई आइस्क्रीमचा चमचा चाटत म्हणाली, "आत्ता लग्न असतं तर किती छान झालं असतं, नाही?" सगळ्या माना माझ्याकडे! केस करणारीने तर जांभई दिली, मुद्दाम, माझ्या तोंडावर. आणि मी काय करत होतो? तुम्हाला सांगतो, कुणाला सांगू नका, मी मनातल्या मनात पावसाला हाका मारत होतो. ये बाबा! चार थेंब टाक आणि जा! ही जवळून जाताना पुटपुटली, "चेहरा नीट करा, लग्न आहे." अगं, अंदाज आहे, वच... पण ऐकायला थांबतेय कोण?

साडेपाच. सगळ्यांचा एकत्र फोटो. सासरेबुवा मध्ये खुर्चीत, नवा कोट. फोटोवाला म्हणाला, "हसा!" मावशी हसल्या. आणि त्याच्या टकलावर टप्पकन एक थेंब. मग दुसरा. मग काय, धो धो! मी ओरडलो, "आला! आला!" लोक खुर्च्या डोक्यावर घेऊन पळाले, मावशी पळाल्या, आमची ही आइस्क्रीम वाचवत पळाली, आणि बागेत राहिलो दोघंच. धाकटी चपला काढून गरगर फिरतेय, आणि मी दोन्ही हात पसरून उभा, येड्यासारखा हसतोय. पडवीतून सासरेबुवा, कोटातून पाणी गळतंय, घड्याळ डोळ्यांपाशी धरून ओरडले, "जावईबापू! अडीच तास लेट!"

पाऊस आणून दिला तरी जाब मलाच!

परवा पुन्हा त्यांचा फोन. म्हटलं, आता काय? तर त्यांच्या मित्राच्या नातीचं लग्न, तेही बागेतच, आणि ह्यांनी माझा नंबर देऊन टाकलाय. "मी त्याला सांगितलंय," सासरे म्हणाले, "डोळे मिटून विश्वास ठेव. आमच्या जावयाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ." तुम्हाला सांगतो, मी उठून उभाच राहिलो. त्यांच्याकडून कौतुक! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मग म्हणाले, "फक्त त्यात अडीच तास मिळवायचे."

आता तो मित्र रोज फोन करतो. मी पाच म्हटलं की तो साडेसात धरतो. काय करणार? हल्ली मी त्याला अडीच तास आधीचंच सांगतो!