पंप बंद

(कवठे महांकाळजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली तपासणीची खोली. डॉ. स्वानंदी, द्राक्षबागायतदार जालिंदर आणि त्यांची बायको आक्काताई.)

जालिंदर : …आन् आता मैदानात उतरतोय लाल मातीचा लाल, ज्याची मांड बघून भले भले वस्ताद फेटं उडवत्यात, असा ह्यो कवठ्याचा ढाण्या वाघ पैलवान अर्जुनाऽऽ! बघितलं का बाई? एका दमात!

स्वानंदी : काका, हळू! बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

जालिंदर : राहणारच. त्यांना वाटलं कुस्ती लागली.

स्वानंदी : पण छाती खरंच मोकळी आहे हो. मागच्या महिन्यात नुसत्या शिट्ट्या वाजत होत्या.

जालिंदर : मग लिवून द्या तसं. रविवारी यात्रंत कुस्त्यांचं मैदान हाय. गेल्या साली ऋषिराज पैलवानाचं नाव पुकारताना दम तुटला माझा. 'ऋषि' म्हणालो आन् खोकतच बसलो. सगळं पब्लिक हसलं. यंदा कमिटी म्हणती, पुकारायला त्या तरण्या जयराजला माईक द्या. मिसरूड फुटल्यापासनं धरलाय बाई मी त्यो माईक. दुसऱ्याच्या हातात बघवणार न्हाई मला.

आक्काताई : घरात माईक न्हाई, तेवढंच आमचं नशीब. ख्खॉ… ख्खॉ…

स्वानंदी : काकू, तुम्हाला कधीपासून खोकला?

आक्काताई : काय न्हाई वो. येताना धुरळा गेला घशात.

स्वानंदी : बरं. काका, हात पुढं करा. हे का थरथरतायत?

जालिंदर : दोन-दोन औषधं म्हणल्यावर थरथरणारच की.

स्वानंदी : दोन? मी एकच दिलंय. पावडरीची कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायची.

जालिंदर : ती वढतोच की. सकाळ-संध्याकाळ. आन् वरनं खिशातली ही फुसफुस.

स्वानंदी : अहो, ही बंद करायला सांगितली होती ना!

जालिंदर : कवा? तुमी म्हणाला, पंप बंद करा.

स्वानंदी : हाच तो पंप!

जालिंदर : ह्यो? एवढुसा? ह्याला आमी फुसफुस म्हणतो. पंप म्हंजी पाठीवरचा, फवारणीचा!

स्वानंदी : म्हणजे तुम्ही फवारणीचा पंप…

जालिंदर : बंद केला की! तुमीच एवढं समजावून सांगितलं. पंपातनं सुटतं ते हवेत जातं, पृथ्वी तापती, पुढं लेकराबाळांना भोगाय लागतं. मला लय पटलं. घरी जाऊन पंप उतरवला, त्याला आजपातुर हात लावला न्हाई.

स्वानंदी : अरे देवा! काका, मी ह्या डबीतल्या गॅसबद्दल बोलत होते. ज्यांना पावडर नीट ओढता येते त्यांना ह्या गॅसच्या पंपाची गरज नाही. औषध तेच, हवेवरचा भार कमी. आणि मी परवा सांगलीच्या मीटिंगमध्ये तुमचं उदाहरण दिलं! पावडरीनं पेशंटला किती फरक पडला म्हणून. टाळ्या मिळाल्या हो मला.

जालिंदर : आता त्या परत कराव्या लागत्याल.

स्वानंदी : हसू नका. म्हणजे छाती सुटली ती फवारणी थांबली म्हणून! आणि थांबा जरा. ऐन हंगामात फवारणी बंद म्हणजे बाग भुरीच्या रोगानं गेली असेल की.

जालिंदर : बाग एक नंबर हाय. मणी बघा येऊन, काचंच्या गोट्यागत.

स्वानंदी : औषध न मारता?

जालिंदर : मारतीया की. ही.

स्वानंदी : काकू?

आक्काताई : मग बाग वाऱ्यावर सोडायची व्हय? ह्यांच्या छातीला पंप चालत न्हाई म्हणाला तुमी. माझ्या छातीचं काय बोलला न्हाई. घेतला पाठीवर.

जालिंदर : तिची छाती लय भक्कम हाय, बाई. उभ्या जन्मात तिला दवाखाना ठावं न्हाई.

स्वानंदी : काकू, खरं सांगा. हा खोकला धुरळ्याचा नाही.

आक्काताई : …पंप घेतल्यापासनं हाय. पदर बांधते तोंडाला, पर त्यो पदरच भिजतो औषधानं.

जालिंदर : मला का बोलली न्हाईस गं?

आक्काताई : बोलले असते तर तुमी पंप परत पाठीवर घेतला असता. आन् रविवार तोंडावर आलाय तुमचा.

स्वानंदी : बसा काकू इथं. पाठ करा माझ्याकडं. लांब श्वास घ्या… सोडा… परत. आता हिकडं वाजतायत शिट्ट्या. कमाल आहे माझी. एका छातीतलं काढून दुसऱ्या छातीत घातलं आणि टाळ्या घेऊन आले.

आक्काताई : तुमचा काय दोष, बाई?

स्वानंदी : विचारायला हवं होतं ना, घरात फवारतं कोण. काका, इतक्या फवारण्या खरंच लागतात का?

जालिंदर : आता खरं सांगू का? शेजारच्या सिद्धूनं पंप काढला की आमी काढतो. आमी काढला की त्यो परत काढतो. बागंला काय पायजे ते कोण इचारतंय?

आक्काताई : बांधावरच्या शेवग्याला शेंगाच धरंनात यंदा. फुलं लय, पर मधाच्या माश्याच येईनात.

स्वानंदी : मग त्या माश्यांचाही केसपेपर काढायला हवा. हे बघा, गुरुवारी कृषी सहाय्यकांना इथंच व्हरांड्यात बोलावते. सिद्धूलाही आणा. बाग बघून, हवा बघून, लागेल तेवढंच मारायचं, आणि तेही ट्रॅक्टरनं. पाठीवर कुणीच घ्यायचं नाही. काकूंनी नाही, तुम्हीही नाही.

जालिंदर : आन् रविवार?

स्वानंदी : फुसफुस इथं ठेवून जा, मग खुशाल पुकारा. पण दोन कुस्त्यांच्या मधे तेवढं विचाराल का माईकवरून? घरात पंप कुणाच्या पाठीवर हाय म्हणून. माझं कोण ऐकत नाही, तुमचं अख्खं मैदान ऐकतं.

जालिंदर : इचारतो. आयला, आधी सोताला इचारायला पायजे हुतं.

स्वानंदी : आता काकूंचा केसपेपर. सिस्टर बाहेर आहेत. इथनंच नाव पुकारा, तुमचा आवाज पोचतो.

जालिंदर : नाव?

आक्काताई : कागदावरचं सांगा, आक्काताई नगं. लग्नात उखाण्यात घेतलं हुतं, तवापासनं 'आगं'वरच भागलंय ह्यांचं.

जालिंदर : गप बस. आता ऐकच. …आन् आता येतीया, माझ्या बागंचा, माझ्या घराचा, माझ्या रविवारचा भार एकटीच्या पाठीवर घेतलेली, आन् मला कळूबी न दिलेली… गोदा…

स्वानंदी : काका? दम लागला का?

जालिंदर : न्हाई बाई. दम हाय.

आक्काताई : सिस्टर, गोदावरी लिवा. निम्मं ह्यांनी सांगितलंय.