बुधवारचा डबा चाचीकडं

मला वाटलं होतं, बंगळुरूला शिकून आलेली मी धाराशिवच्या आमच्या स्वयंपाकघरात क्रांती करणार. प्रत्यक्षात सोमवारी संध्याकाळीच माझा आठवडा संपला.

बाबांच्या डब्यासाठी आईची पहाटे होणारी धावपळ थांबावी म्हणून रविवारभर मी स्वस्तातला चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि शंकरपाळे केले. फळीवरचे सहा स्टीलचे डबे भरले, वारांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सोमवारचा डबा बाबा घेऊन गेले. संध्याकाळी बघते तर फळी रिकामी.

"आई, बाकीचे डबे?"

"अगं, ते आपले कुठं होते? ईदेला शेजाऱ्यांकडून आलेले. रिकामे कसे परत करायचे म्हणून ठेवले होते. तू भरलेस, मी पोचवले!"

"आणि उद्या बाबांनी काय खायचं?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून शबाना चाची ओरडल्या, "बेटा, तुझा बुधवार लई खुसखुशीत निघाला! गुरुवार कुणाला दिला गं?"

मंगळवारी सकाळी आई कणीक मळायला बसणार, इतक्यात चाचींनी तोच डबा गरम पराठ्यांनी भरून पाठवला. मी बुधवारची चिठ्ठी तशीच ठेवून तो बाबांच्या पिशवीत घातला आणि ठरवलं, पुढच्या रविवारीही डबे शेजाऱ्यांचेच भरायचे.