शिवण ओढून बघायची खोड

...नाही हो, दुखत नाही! जो येतो तो तेच विचारतो, दुखतं का, दुखतं का... दुखत असतं तर परवडलं असतं! राग येतो मला, राग! हे बघा, कोपराच्या खालपासून बोटांच्या टोकापर्यंत हे कडक प्लास्टिक, स्प्लिंट म्हणतात याला, आणि आत हात असा वाकवून बांधलाय की रस्त्यानं चाललो तर लोक खिशात सुट्टे शोधतात!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी. तीस वर्षं कात्री चालवली, साधा ओरखडा नाही. आणि हात कापला कशानं? पत्र्याच्या डब्याच्या झाकणानं! बायको म्हणत होती, "थांबा, मी उघडते." मी थांबतोय होय! अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या आतल्या शिरा, कंडरा म्हणे, साफ तुटल्या. नेमकी कात्रीची बोटं! ती वाकली नाहीत तर मी कसला शिंपी? दुकानातलं हँगर!

सर्जननं ऑपरेशन करून शिवलं आणि मला दिलं व्यायामाच्या बाईंच्या ताब्यात. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरांचा. "काका, दर तासाला दहा वेळा. डाव्या हातानं उजवी बोटं वाकवायची. बोटांनी स्वतःहून वाकायचं नाही!" आता मला सांगा, बोटं माझी, हात माझा, आणि वाकायला परवानगी यांची? कप उचलायचा नाही, बटण लावायचं नाही... शिंप्याच्या शर्टाची बटणं बायको लावते, अहो, गिऱ्हाइकांच्या देखत! आणि लावता लावता वर, "बाई काय म्हणाल्या? स्वतःहून वाकायचं नाही!"

तीन आठवडे काढले. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. शिवण घातली की दोन्हीकडून धरायची आणि ओढून बघायची, खस्सकन! टिकली तर द्यायची, नाहीतर उसवायची. चौथ्या आठवड्यात डोक्यात किडा वळवळला... टाके घातलेत ना, मग बघू तरी या सर्जनचा हात कसा आहे! बायको आत गेली तसे स्प्लिंटचे पट्टे सोडले, दोन बोटं टेबलाच्या खणाच्या कडीत अडकवली आणि... खस्सकन!

टप्.

खण तसूभर हलला नाही. बोटं मात्र सरळ झाली ती झालीच, वाकव म्हटलं तरी ढिम्म!

सर्जनकडे गेलो तो मीच तावातावानं. "असली शिवण मी दिली असती ना, तर गिऱ्हाइकानं पँट तोंडावर फेकली असती!" त्यांनी चष्मा काढला. शांतपणे म्हणाले, "पँट अजून मशीनवर असताना गिऱ्हाईक येऊन ओढतं का हो? पुन्हा शिवतो. तिसऱ्यांदा मात्र शिवायला आत कापड उरणार नाही."

कापड उरणार नाही! माझ्या भाषेत बोलला माणूस, म्हणून डोक्यात शिरलं. घाबरलो, खोटं कशाला बोलू?

आता दुसरं ऑपरेशन झालंय. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच बाई, "काका, स्वतःहून..." अहो, पाठ झालंय! आणि दुकानात? आजवर नुसती काजं-बटणं करणारी माझी बायको कात्री चालवते, मशीन चालवते. मी स्टुलावर बसून "तिरकं जातंय, तिरकं जातंय" ओरडतो, ती मान वर करत नाही.

काल तिची पहिली पँट झाली. गिऱ्हाईक समोर उभं. माझा हात आपोआप शिवणीकडे गेला... तिनं फूटपट्टी टेबलावर अशी आपटली की मशीनवरची टाचणी उडाली! हात मागे घेतला. काय करणार? गिऱ्हाइकाला म्हटलं, "साहेब... जरा तुम्हीच ओढून बघता का?"

त्यांनी ओढली. खस्सकन! शिवण टिकली हो. एक टाका हलला नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

तास झाला होता. बसलो मग डाव्या हातानं बोटं वाकवत... एक... दोन... तीन...