थोरलीचा पाय

जन्म माझा महाळुंग्याचा, तवा तिथं नुसती बाजरीची रानं, आणि लगीन थेरगावात. काय सांगू तुम्हाला, मी तवा अशी येडी की थोरल्या जावेचं, पारूबाईचं, बाळंतपण बघून मला हेवा वाटायचा. बाजेवर पडायचं, खाली शेगडी, हातात डिंकाचा लाडू, सव्वा महिना भुईला पाय लावायचा न्हाई, असा आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नेम, आणि मी गोवऱ्या थापता थापता म्हणायची, देवा, माझा नंबर कधी.

मग पारूबाईची डावी पोटरी सुजली, गरम, टणक, हात लावू देईना. आत्याबाई म्हणाल्या वारं शिरलंय, आणि कोमट तेल घेऊन घोट्यापासून मांडीपर्यंत जोर लावून चोळायला बसल्या, मायेनंच हो, त्यांच्या हाताला गावात मान होता. चोळता चोळता पारूबाई उठून बसली, म्हणाली छातीत कळ आली आत्याबाई, श्वास येईना, आणि मी पाण्याचा तांब्या आणेस्तोवर गेली. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं बाहेरचं. लेकरू तेवढं रडत राहिलं.

पुढं माझा नंबर लागला. मी बी महाराणीसारखी पडून, कूस बदलायला सुद्धा हाक मारायची. आणि माझी बी पोटरी तशीच सुजली. आत्याबाई तेल तापवून आल्या आणि मी शहाणी, पाय पुढं करून वर म्हणते, जोरात चोळा हां.

तेवढ्यात आमचे हे पिंपरीच्या नव्या कंपनीतनं आले, तिथल्या डॉक्टरला पायाचं विचारून. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं न्हाई, आईपुढं तर ह्यांना शब्द फुटायचा न्हाई, पण सरळ आत शिरले आणि आईचं मनगट धरलं. चोळू नको आई, पडून पडून शिरेत रक्त गोठतंय दह्यावानी, चोळलं की गुठळी सुटती, छातीत जाऊन अडकती, माणूस जागेवर जातंय.

आत्याबाई वाटीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मग थोरलीचं रं?

ह्यांनी आईच्या हातातली वाटी काढून घेतली.

मला बैलगाडीत निजवून पुण्याला नेलं, रक्त पातळ करायच्या सुया टोचल्या, वाचले. पारूबाईचं लेकरू मीच वाढवलं. आत्याबाईंनी पुन्हा कुणाच्या अंगाला तेल लावलं न्हाई. मी त्या लेकराला न्हाऊ घालायला बसले की उठून परड्यात जायच्या.

आता नातसुनेला दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी चालवतात, ती कुरकुरती, आजी, पडू द्या की. मी म्हणते ऊठ गं भवाने, फिर जरा. माझा पाय अजून संध्याकाळी फुगतो. फुगू दे. पारूबाईला तेवढं बी मिळालं न्हाई.