अठरा इंचांचं माप

(कॅलिफोर्नियाचा उत्तर कोपरा. व्हर्ना स्टॉडर्डचं बंदूकदुरुस्तीचं दुकान. समोर तिचा घटस्फोटित नवरा कर्टिस, कुंपणं घालणारा ठेकेदार.)

व्हर्ना : हात काढ. परत लावू नकोस तिला.

कर्टिस : माझी बंदूक आहे.

व्हर्ना : माझ्या बाबांची आहे. आपल्या जोलिनसाठी ठेवलेली. तुझ्याकडे सांभाळायला दिली होती, करवत चालवायला नाही.

कर्टिस : अकरा वर्षांची पोर ती. नळी पेलत नव्हती तिला. आणि तुला विचारूनच कापली ना? फोन केला होता मी.

व्हर्ना : काय विचारलंस?

कर्टिस : राज्याच्या कायद्यात छऱ्याच्या बंदुकीची नळी कमीत कमी किती लांब हवी. तू म्हणालीस अठरा इंच, आणि फोन आपटलास.

व्हर्ना : मग ही अठरा आहे?

कर्टिस : दोनदा मोजलीय टेपनं. रोज खांब मोजून कापतो मी. मला माप शिकवू नकोस.

व्हर्ना : नळी काढून मोजलीस ना?

कर्टिस : मग काय, लावून कापू?

व्हर्ना : शेपटीसकट मोजलीस, शहाण्या. ही मागची पट्टी बंदुकीच्या आत अडकते, ती नळीत धरत नाहीत. बंदूक रिकामी, मागचं तोंड बंद, आणि पुढून आत काठी सोडायची. टेकली. आता टोकाशी खूण केली. लाव तुझा टेप. किती?

कर्टिस : सतरा.

व्हर्ना : पुढचं वाच.

कर्टिस : सव्वासतरा. बरं, पाऊण इंचानं काय आभाळ कोसळलं? दुसरी नळी बसव, संपला विषय.

व्हर्ना : पाऊण इंचानं तुरुंग होतो. अशी बंदूक नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा. आणि तू ती आणून माझ्या काउंटरवर टाकलीस. वीस वर्षांचं लायसन्स आहे माझं.

कर्टिस : त्या दिवशी दोन मिनिटं नीट बोलली असतीस तर? मोजायचं कसं, एवढंच सांगायचं होतं. तुझा धंदाच आहे तो.

व्हर्ना : तुझा आवाज ऐकला की डोकं फिरतं माझं.

कर्टिस : माहितेय. सगळ्या गावाला माहितेय. पण आत मी जाणार.

व्हर्ना : एकटा नाही जाणार. जोलिननं चालवली?

कर्टिस : रविवारी. आधी हातच लावेना. आजोबांची बंदूक कापलेली बघून रडवेली झाली. म्हणे, आई रागावेल.

व्हर्ना : मग?

कर्टिस : मग म्हटलं, अगं, तुझ्या आईला विचारूनच कापलीय. तेव्हा कुठं हातात घेतली तिनं.

व्हर्ना : बस त्या खुर्चीवर.

कर्टिस : फोन कुणाला लावतेयस? शेरीफला?

व्हर्ना : वकिलाला. तो विचारेल ते सगळं खरं सांगायचं. मी फोन आपटला, तेही.