क्लेमच्या बॉनेटवरचा फुगवटा

— नाही म्हणजे नाही. आणि ते बॉनेट आधी बाकावर ठेव, जमिनीवर नको — फायबर आहे ते, काठ आपटला की गेला. बघू. हं. तडा गेलाय. जाणारच, बावीस वर्षं झाली. आणि आता नवा पाहिजे म्हणतेस — एक मेला तर दुसरा! हेझल, पोरी, चांगलं सपाट, गुळगुळीत बॉनेट दिसलं की त्यावर गळू उठवावंसं का वाटतं गं तुम्हा लोकांना? गळूच ते. दुसरं काय? मानेवर आलं तर डॉक्टरकडे धावता, आणि गाडीवर आणायला माझ्याकडे येता.

बस. त्या स्टुलावर नको, त्याला रेझिन लागलंय, उठशील तेव्हा अर्धी पॅन्ट तिथंच राहील. पेटीवर बस. चहा नाहीय. आहे, पण तुझ्यासाठी नाही — फुगवटेवाल्यांना मी चहा देत नाही. जन्मभर बोटी केल्या मी. या नदीवर अजून माझ्या चौदा बोटी तरंगतात, एकीच्याही बुडाला वाकडी रेघ सापडली तर माझं नाव सिरिल नाही. आणि म्हातारपणी हे किट-गाडीवाले माझ्या मागे लागले! पेट्यांतून सुटे भाग मागवतात, बायकोचं धुणं वाळत घालायची जागा अडवतात, चार-पाच वर्षं गॅरेजात पाठ मोडून घेतात — आणि गाडी चाकांवर उभी राहिली की पहिलं काम काय? सिरिलकडे. 'क्लेमच्या गाडीला आहे ना, तस्सा फुगवटा करून दे.' अरे, पण तुझ्या फुगवट्याखाली काय आहे? काही नाही! इंजिन बिचारं तिथं खाली, एवढंसं, आरामात मावतंय. मग कशाला? 'गाडी तगडी दिसते.' थुत्! आत हवा आणि वर तगडेपणा. असे अकरा केले मी, अकरा — बॉनेटवर चिकणमाती थापा, आकार द्या, मेण घासा, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचे थर, वास असा की रात्री जेवण जात नाही — आणि शेवटी चांगल्या बॉनेटला करवत लावून भोक पाडा. धडधाकट बॉनेटला! किळस येते. अकरावा झाला तेव्हा ठरवलं, बास. हात तोडून देईन, पण बारावा नाही.

काय? तू क्लेमची नात म्हणून? म्हणूनच नाही.

बरं, तो काय म्हणाला ते सांग. तसंच्या तसं सांग, तुझं मीठमसाला नको. '…सिरिलकडेच जा. पहिल्या वेळी माझी चूक त्यानंच झाकली होती.' असं? माझी चूक, असं म्हणाला तो? अजून?

हं.

आणि वाढदिवसाला तुला त्याला त्याच्याच गाडीतून फिरवायचंय. एक्याऐंशी ना यंदा? आणि तो बसत नाही म्हणतो. गॅरेजात जातसुद्धा नाही. नाही जाणार तो — मी ओळखतो त्याला. क्लेम म्हणजे न्हावी माणूस, अख्ख्या गावाची डोकी त्यानं सरळ रेषेत कापली, स्वतः मात्र एवढासा, खुर्चीवर उभा राहिला तर आरशात दिसायचा. आणि हौस काय, तर स्वतःच्या हातानं गाडी बांधायची. लोखंडातलं काही कळत नव्हतं त्याला, मला म्हणाला, सिरिल, तू सांग, मी धरतो. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यानं धरलं आणि मी जोडलं. इंजिन तेवढं त्यानं एकट्यानं आणलं, भंगारवाल्याकडून, हातगाडीवर घालून, असा छाती काढून, जसं काही सासर जिंकून आला. ते तेवढं एकच त्यानं स्वतः निवडलेलं — आणि तेच चुकलं म्हणून बावीस वर्षं…

का विचारतेस? मेकॅनिक काय म्हणाला? इंजिनखाली एवढी जागा रिकामी का? त्याला म्हणावं स्वतःचं काम कर. रस्त्यावर खड्डे असतात, तेलाचं चेंबर आपटू नये म्हणून असते जागा. दोन इंच? दोन इंच म्हणाला? मोजले त्यानं? आजकाल सगळ्यांच्या खिशात टेप! दोन इंच काही विशेष नाही, ठोकळा उभा राहिला तर तेवढे होतातच —

कुठला ठोकळा? मी ठोकळा म्हणालो? कुठला नाही.

अगं, असं बघू नकोस. आयव्हीसारखं बघतेस तू. तुझी आजी अशीच बघायची, ट्रे हातात धरून, काही न बोलता, की माणसानं आपणहून ओकावं. बरं, ऐक. खरं इंजिन जड असतं, दहादा उतरवचढव करवत नाही, म्हणून किट-गाडीवाले आधी रिकामा सांगाडा ठेवून मापं घेतात — आतलं सगळं काढलेला, खालचं चेंबरही नसलेला. मग चेंबर जेवढं खोल, तेवढा लाकडाचा ठोकळा त्याच्याखाली सरकवायचा, की झालं इंजिन. उंची ठरली, की त्या उंचीवर इंजिन धरणारी माउंटिंगं चासीला वेल्ड करायची. ठोकळा पाच इंच बाय सात इंच. आडवा ठेवायचा — पाच. मी आडवाच ठेवला होता! मी! पण त्या दिवशी आयव्ही प्लम ब्रेड आणि चीज घेऊन आली, ट्रे ठेवायला कुठं जागा नव्हती, सगळीकडे पाने-पकडी आणि तेल. मी म्हटलं थांब आयव्ही, सांगाडा साखळीवर थोडा उचलला, ठोकळा ओढून बाहेर काढला, तिच्यासाठी मांडला. आम्ही खाल्लं. हसलो पण खूप, क्लेम त्या पाद्रीबाबाच्या मिशीचं काहीतरी सांगत होता. आणि खाऊन झाल्यावर मी ठोकळा परत सरकवला — उभा. सात. आणि वेल्ड केलं. मी. क्लेमनं फक्त धरलं होतं.

रंग झाला, वायरी झाल्या, खरं इंजिन बसलं, आणि बॉनेट लावायला गेलो तर लागेना. एअर फिल्टर वर येऊन बसलेला. क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, 'सिरिल, मी उंच इंजिन आणलं. माप न घेता आणलं. मी मूर्ख.' मी खाली वाकून बघितलं, चासीच्या नळीच्या वर चेंबर दोन इंच अधांतरी लटकतंय — कळलं मला. त्याच क्षणाला कळलं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, 'उंच आहे खरं.' तीन शब्द. तेवढेच बोललो, मग विषय संपला. माउंटिंगं कापायची म्हणजे सगळं परत उघडायचं, रंग जाळायचा, आणि चौदा बोटींचा कारागीर ठोकळा उलटा ठेवतो हे अख्ख्या गावाला कळायचं. त्यापेक्षा म्हटलं, काळजी करू नकोस क्लेम, फुगवटा करू. त्यानं माझा हात धरला. उपकार झाल्यासारखा धरला. शी!

पुढे तुला ठाऊकच आहे. त्या उन्हाळ्यात किट-गाड्यांचा मेळावा भरला, बाकीच्यांना फुगवटा दिसला, खालचं कुणाला दिसलं नाही — वा क्लेम, काय बॉनेट, काय रुबाब! ज्याला त्याला तस्साच पाहिजे. माझ्या चुकीच्या मापाचे अकरा फुगवटे या जिल्ह्यात फिरताहेत पोरी, आणि लोक त्यांना पॉलिश करतात!

हसू नकोस. अजून झालं नाही.

क्लेम एवढासा, सांगितलं ना. फुगवटा डाव्या बाजूला, आणि तो उजव्या बाजूला, सीटमध्ये घुसून बसलेला — त्याला रस्त्याची डावी कडच दिसायची नाही. आपले रस्ते कसले ते तुला सांगायला नको, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला चर. सप्टेंबरात दोघं चर्चहून येत होते, समोरून बीटाचा ट्रॅक्टर आला, क्लेमनं गाडी बाजूला घेतली — किती घेतली ते दिसलंच नाही त्याला. गाडी चरात, आयव्ही गळ्यापर्यंत हिरव्या पाण्यात. खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात मी गेलो होतो, फुलं घेऊन. फुलं! क्लेम बाहेरच्या बाकावर बसला होता, म्हणाला, 'मी धड इंजिन निवडलं असतं तर फुगवटा लागला नसता.' म्हणाला, 'मला समजतच नाही रे यातलं.' आणि मी त्याच्या शेजारी बसलो आणि फुलांचे देठ मोजले. आयव्ही परत त्या गाडीत बसली नाही. तोही नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा तरी सांगायचं. दफन झाल्यावर तो माझ्याजवळ आला होता. तेव्हाही नाही. मी म्हणालो, पाऊस येईलसं दिसतंय.

आता रडतेस कशाला? हे घे — नको, त्याला थिनर लागलंय. बाहीनं पूस.

ऐक, फुगवटा होणार नाही. गाडी इथं आण. माउंटिंगं कापतो, इंजिन दोन इंच खाली घेतो, जिथं असायला हवं होतं तिथं, आणि सपाट बॉनेट देतो. पैशाचं नाव काढलंस तर हाकलून देईन. वाढदिवसाच्या आत होईल. क्लेमला सगळी कड दिसेल, चरातलं गवतसुद्धा मोजेल.

काय सांगायचं त्याला? सांग काहीही. सांग, सिरिलनं युक्ती केली. सांग —

नाही बसणार? युक्तीनं नाही बसणार? …हो. गाडी सपाट झाली म्हणून तो थोडाच. खरंय. इंजिन खाली आलं तरी तो म्हणेल, सिरिलनं परत झाकलं.

मग तू सांग ना! तू नात आहेस, तू गोड बोलून सांगशील — अगं नको, तू गोड बोलून सांगितलंस तर त्याला वाटेल मी त्याच्यासाठी खोटं बोलतोय. तेवढा भोळा आहे तो. हे काय करतेस? कुणाला लावतेस? ठेव तो फोन. हेझल! ठेव म्हणतो ना — मी बोलणार नाही, माझे हात रेझिनचे आहेत, मला — धर, धर नीट कानाशी, पडेल —

कोण? …हो. मीच. …आहे, ती इथंच आहे, बरी आहे. बॉनेट मिळालं. …नाही, फुगवटा नाही करत. …नाही, रागावलो नाही, तू जरा गप्प बस. बसलायस ना? खुर्चीत? …क्लेम, ऐक. तुझं इंजिन उंच नव्हतं.

बरोबर आणलं होतंस तू. मी ठोकळा उभा ठेवला.

…क्लेम?