घराचा फोटो

डहाणू स्टँडवर तलासरीची गाडी अजून लागली नव्हती. भिवंडीच्या वीटभट्टीवरून परतलेली एक बाई बोचक्याला टेकून बसली होती. शेजारी बसलेली, भट्टीमजुरांवर अभ्यास करणारी मुलगी तिच्या मोबाइलमधले फोटो बघत होती.

"जमनाताई, आपण ठरवलं होतं ना, अभ्यासासाठी भट्टीवरच्या रोजच्या जगण्याचे फोटो तुम्हीच काढायचे?"

"काढलं की. चूल हाय, पाण्याचं पिंप हाय, पोरगी निजलीय."

"आणि घराचा?"

"हा काय."

"हा तर ट्रक आहे."

"हां."

"अहो, दिवाळीनंतर तिथे गेल्यावर झोपडी बांधली होती ना, तिचा हवा होता."

"ती शेठच्याच विटांची, ताई. नुसती रचलेली. निघताना आमीच मोडतो नि विटा ट्रकात भरून देतो."

"मग मोडायच्या आधी काढायचा ना!"

"तवां कामच उरकत नव्हतं. हात मोकळं झालं, तोवर ट्रक भरलेला."

"आता अहवालात घर म्हणून मी काय लावू?"

"हाच लाव. खालच्या विटा आमच्या घराच्या, वरच्या शेजारच्या संगीताच्या. ट्रक सुटलेला, म्हणून फोटो जरासा हललाय."